डावा ब्रेक

“फाडू का?” ओवीने विचारलं.

“नको,” मनवा म्हणाली. “त्याचा फोटो फाटेल.”

लालबागच्या त्यांच्या चाळीच्या फाटकावर बॅनर लटकत होता. मधोमध सम्यकचा फोटो, शाळेच्या गणवेशातला, केस पाण्याने चापून बसवलेले. वर लिहिलं होतं, ‘स्मृती घाटफेरी’. आणि खाली लाल अक्षरांत, ‘शिस्त पाळा, जीव वाचवा’.

म्हणजे ज्याचा फोटो, त्याने शिस्त पाळली नाही. म्हणून तो गेला. एवढा सरळ अर्थ होता त्याचा, आणि सगळी चाळ त्या बॅनरखालून रोज ये-जा करत होती. कुणाला काही वाटत नव्हतं.

मनवा, शंतनु, सम्यक आणि धाकटी ओवी ही चाळीची सायकलवाली टोळी. दिवाळीच्या सुट्टीत दौलत सरांच्या शिबिरातून सम्यक आणि शंतनु सावरघाटात सायकल चालवायला गेले. मनवाला ताप होता, म्हणून ती राहिली. घाट उतरताना सम्यक सायकलवरून पुढे फेकला गेला, आणि शंतनु एकटाच परत आला.

नंतर दौलत सर चाळीत आले होते. हात जोडून म्हणाले, “पोरगा गुणी होता, पण स्टाइल मारायला गेला. पुढचा ब्रेक दाबला. आम्ही सांगून सांगून थकतो, मुलं ऐकत नाहीत.” सम्यकच्या आईने, बकुळामावशीने, मान हलवली. तिने मान हलवली हेच मनवाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आता मावशीला कुणी विचारलं तर ती पदराने तोंड पुसून एवढंच सांगायची, “माझो झील मस्ती करूक गेलो.”

सम्यक आणि मस्ती! जो पोरगा रिकाम्या गल्लीतही वळणावर घंटी वाजवायचा, तो घाटात स्टाइल मारेल? लालबागमधल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं, उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, डावा मागच्या चाकाचा. उतारावर आधी डावा. शीवच्या किल्ल्याच्या उतारावर चौघांनी तेच तर घोटलं होतं. आणि त्यात सगळ्यांत पक्का सम्यकच होता.

“तू सरांच्या या घाटफेरीला येणार आहेस?” शंतनुने बॅनरकडे पाठ करून विचारलं. “मला तर तो घाट परत बघायचाही नाही.”

“मला बघायचाय,” मनवा म्हणाली. “तो कुठे पडला ते मला बघायचंय. तू नाही आलास तर दाखवणार कोण?”

शंतनु आला.

*

मे महिन्यात सावरघाट म्हणजे तापलेला तवा. मुलं चढत होती, पालकांची बस आधीच माथ्यावर पोचली होती, आणि दौलत सर जीपमध्ये बसून भोंग्यातून ओरडत होते. “दम लागला की थांबा. आणि निळ्या सायकली जपून. इम्पोर्टेड आहेत, परदेशातून आणल्यात.”

“स्वतः चढा की मग,” ओवी पुटपुटली. तिच्या वाट्याला शहरातल्याच दुकानातली जुनी लाल सायकल आली होती. “इम्पोर्टेड मोठ्यांना, डबडं मला.”

“डबड्याला गिअर आहेत ना? मग गप चालव.”

“गिअर आहेत, पण ते आपापसांत बोलत नाहीत.”

शंतनु हसला आणि लगेच गप्प झाला. या घाटात आपल्याला हसू आलं याचीच त्याला लाज वाटली असावी. मनवाने पुढचा गिअर टाकला. पोटऱ्या पेटल्या होत्या, घाम डोळ्यांत जात होता, खडीवर चाक घसरत होतं. बरंच वाटत होतं तिला. दुखायला काहीतरी जागा तरी मिळाली होती.

अर्ध्या घाटात रस्ता जरा खाली उतरतो. तिथे मनवाची सायकल पहिल्यांदा आपणहून पळाली, आणि तेवढ्यात झुडपातून एक शेळी रस्त्यावर आली.

मनवाने डावा ब्रेक दाबला.

पुढचं चाक जागच्या जागी आवळलं. मागचं चाक वर उचललं, आणि मनवा छातीने हँडलवर आदळून आडवी झाली. वेग फारसा नव्हता म्हणून गुडघ्यावर निभावलं. शेळी तिच्याकडे बघत उभी राहिली.

“उजवा कशाला दाबलास?” शंतनु धावत आला.

“डावा दाबला मी.”

“डावा दाबून मागचं चाक उचलतं का कधी?”

“शंत्या, मी डावाच दाबला.”

शंतनु रस्त्यातच खाली बसला.

“त्याचंही मागचं चाक असंच उचललं होतं,” तो म्हणाला. “मी बघितलं होतं, मी मागे होतो. सगळ्यांना सांगितलं पण होतं. तर सर म्हणाले, बघा, म्हणजे उजवाच दाबला त्याने. मग मलाही तसंच वाटायला लागलं.”

मनवाने सायकल उभी केली. शंतनुने सीटला धरून मागचं चाक अधांतरी उचललं, ओवीने हाताने पेडल फिरवलं. मनवाने डावा ब्रेक दाबला. चाक गरगर फिरतच राहिलं. मग हँडल उचलून पुढचं चाक फिरवलं, डावा दाबला. चाक खटकन थांबलं.

शंतनुची निळी सायकल. तेच. ओवीची लाल सायकल. तिचा मात्र डावा मागच्या चाकाचा, चाळीतल्या सगळ्या सायकलींसारखा.

“परदेशात गाड्या उलट्या बाजूने चालतात ना?” ओवी म्हणाली. “मग त्यांचे ब्रेकपण उलटे.”

“सम्यकची कुठली होती?” मनवाने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

“निळी. निळीसाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या आम्ही. त्याची निघाली.” शंतनुने नाक पुसलं. “नाचला होता तो.”

वर वळणावरून भोंगा बोंबलत होता.

“चला, सरांना सांगू,” ओवी उठली.

“आणि ते काय करतील?” मनवा म्हणाली. “सॉरी म्हणतील? निळ्या सायकली गुपचूप टेम्पोत भरतील, वायरी बदलतील. आणि बॅनर आहे तसा राहील. मावशी मान हलवत राहील.” तिने गुडघ्यावरची खडी झटकली. “आधी त्यांच्या तोंडून वदवायचं. सगळ्यांसमोर. त्यांच्याच भोंग्यातून.”

*

माथ्यावर छोटासा मांडव घातला होता. पालक बसले होते. पुढच्या खुर्च्यांवर बकुळामावशी आणि सम्यकचे बाबा, सीतारामकाका. काकांच्या हातात फोडायचा नारळ होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. मुलं उताराच्या तोंडाशी रांगेत उभी होती. नारळ फुटला की सुटायचं.

दौलत सर शिस्तीवर बोलून थांबले तेव्हा शंतनुने हात वर केला.

“सर, मी जरा ढ आहे. उतारावर आधी कुठला ब्रेक दाबायचा?”

मुलं हसली. सरही भोंग्यात हसले. “डावा. डावा म्हणजे मागचा. दिवाळीत हेच सांगितलं होतं मी, शंभर वेळा. ज्यांनी ऐकलं ते घरी गेले.”

बकुळामावशीने मान खाली घातली. मनवाला वाटलं, हातातली सायकल उचलून या माणसाच्या अंगावर फेकावी. तिने ती ढकलत नेऊन त्यांच्या पुढ्यात उभी केली.

“सर, हिचा मागचा ब्रेक दाबून दाखवा.”

“ही काय वेळ आहे?”

“दाखवा ना सर,” मागून कुणाची तरी आई म्हणाली. “पोरं विचारतायत तर दाखवा.”

शंतनुने सीट उचलली. ओवीने पेडल मारलं. सरांनी मोठ्या ऐटीत डावा ब्रेक दाबला.

चाक फिरत राहिलं.

“अजून जोरात दाबा,” मनवा म्हणाली.

सरांनी दाबला. चाक आपलं फिरतंय, टकटक टकटक.

“आता पुढचं,” मनवा म्हणाली. शंतनुने हँडल उचललं, ओवी चाक फिरवायला गेली. सरांचा हात ब्रेकवर तसाच होता. चाक फिरलंच नाही.

“सगळ्या निळ्या सायकली अशाच आहेत,” मनवाचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. “सम्यकची निळी होती. तुम्ही सांगितलं डावा दाब, त्याने डावा दाबला. आणि तुम्ही त्याच्या फोटोखाली शिस्त लिहिलीत.”

“हे बघा, ही तांत्रिक बाब आहे,” सर भोंगा तोंडाला लावून म्हणाले. “परदेशी बनावटीत थोडाफार फरक...”

सीतारामकाका उठले. त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला आणि सरांच्या हातातून भोंगा काढून घेतला. एकेका निळ्या सायकलीपाशी जाऊन ते चाक उचलत होते, डावा ब्रेक दाबत होते. शेवटच्या सायकलीपर्यंत. तोवर बाकीच्या पालकांनी जीपची किल्ली काढून घेतली होती, आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला होता. दौलत सर दगडावर बसून पुन्हापुन्हा सांगत होते की मुद्दाम कुणी करतं का. मुद्दाम कुणीच केलं नव्हतं. चाक उचलून ब्रेक दाबायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ कुणी काढला नव्हता, बस्स.

मग सगळे मोठे टोळीभोवती जमले. शाबासकी, पाठीवर थापा. “वाघ आहात,” ओवीचे बाबा म्हणाले. “आज किती घरांवरचं संकट टाळलंत, पोरांनो.” मनवाने मान हलवली. त्या शाबासकीचं काय करायचं ते तिला कळेना. ती दिवाळीत हवी होती.

बकुळामावशी मागे उभी होती. मनवा तिच्याकडे गेली. गेले कित्येक महिने हाच क्षण तिने मनात रंगवला होता. मावशीला खरं कळेल आणि तिचा चेहरा उजळेल.

“म्हणजे तेना आयकल्यान?” मावशीने विचारलं.

“हो मावशी. सरांनी सांगितलं तस्संच केलं त्याने. काही चुकलं नाही त्याचं.”

मावशीचा चेहरा उजळला नाही. ती घाटाकडे बघत राहिली.

“मीच सांगितलंय त्याका,” ती म्हणाली. “निघताना जिन्यात थांबवून सांगितलंय. मोठ्यांचा आयक. सर सांगतीत तसाच कर.”

मनवाने मावशीचा हात धरला, तो थंडगार होता.

घाट सायकलवरून कुणीच उतरलं नाही. मुलं सायकली हाताने धरून चालत खाली निघाली, आणि पालकही बस सोडून त्यांच्याबरोबर चालू लागले. मावशीने मनवाच्या हातातून निळी सायकल घेतली. जन्मात तिने सायकल धरली नव्हती.

“कशी धरूची गो?”

मनवाने दाखवलं. उतारावर सायकल पुढे ओढत होती, आणि मावशी तिला दोन्ही हातांनी मागे खेचत चालली होती, एकही ब्रेक न दाबता.