नऊ सेंटिमीटरचा फरक

सतरा नंबरची खुंटी मी समुद्रात फेकली, तेव्हा ती सतरा नंबरची आहे हे मला ठाऊक नव्हते. ती खुंटी आहे, हेसुद्धा ठाऊक नव्हते. आमच्या कुत्र्याने, ओळंब्याने, वाळूतून उकरून आणलेले ते एक लाकूड होते – वीतभर लांब, एका टोकाला निमुळते – आणि ते माझ्या पायाशी टाकून तो शेपटी न हलवता वाट पाहत उभा होता. शेपटी तो कधीच हलवत नसे. ती गवंड्याच्या दोरीला टांगलेल्या वजनासारखी सरळ खाली लोंबत असे, म्हणून तर माझ्या वडिलांनी, जन्मभर गवंडीकाम केलेल्या माणसाने, त्याचे नाव ओळंबा ठेवले होते.

मी लाकूड उचलले आणि लाटेच्या दिशेने भिरकावले. ओळंबा पाण्यात शिरला, नाकाशी लाट आली तसा माघारी फिरला, आणि लाकूड ओहोटीबरोबर निघून गेले.

"ती माझी खुंटी होती," मागून कोणीतरी म्हणाले.

मी वळून पाहिले. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, खांद्यावर लाकडी तिपाई, आणि खिशात एकाच उंचीच्या, एकसारखे टोक काढलेल्या तीन पेन्सिली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला भांडता तरी आले असते. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले, की किनाऱ्याला संरक्षक भिंत बांधायची आहे. त्यासाठी धक्क्यावरच्या खुणेच्या दगडापासून दीपगृहापर्यंत, सहा किलोमीटर, दर शंभर मीटरवर एक खुंटी ठोकून तिची उंची मोजायची. प्रत्येक खुंटीची उंची आधीच्या खुंटीवरून ठरते. सतरावी गेली, म्हणजे आता सोळावीपासून पुन्हा.

"बारा आणि चौदासुद्धा यानेच नेल्या का?" त्यांनी विचारले.

मी ओळंब्याकडे पाहिले. ओळंबा समुद्राकडे पाहू लागला.

घरी गेल्यावर दोन्ही सापडल्या. बारा नंबर माझ्या पलंगाखाली होती. चौदा नंबर वडिलांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला पाचर म्हणून ठोकली होती आणि ते तिच्यावर अतिशय खूश होते. दुसऱ्या संध्याकाळी दोन्ही परत करायला गेले, तर मोजणीदार हसले. उपटलेल्या खुंटीला उंची नसते, म्हणाले. ते नुसते जळण. मी म्हटले, मग चौदा नंबर घरी परत नेते, खिडकीला तिची फार गरज आहे.

उंची वाचायची त्यांची लांब पट्टी दूरवर उभी धरायला एक वयस्क सहायक असत. सगळे त्यांना पट्टीवाले मामा म्हणत. खडकावरून घसरून त्यांचा पाय मुरगळला होता आणि काम अडून बसले होते. मी बंदराच्या आरेखन कार्यालयात ट्रेसर होते. तंत्रविद्यालयातला दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून लागलेली. दिवसभर इतरांनी मोजलेल्या जगाच्या नकला काढणे हे माझे काम. मोजताना ते जग कसे दिसते, हे पाहायची मला हौस होती.

"मला पट्टी सरळ धरता येते," मी म्हणाले. "शिकले आहे."

"आणि कुत्रा?"

"तो तुमच्या नजरेसमोर राहील. चोर नजरेसमोर असलेला बरा."

असे ते ठरले. कार्यालय पाचला सुटे. ओळंब्याला तसेही संध्याकाळी फिरवावे लागे, कारण वडिलांचे गुडघे आता वाळूत चालू देत नसत. रविवारी आम्ही सकाळीच निघत असू – थर्मासमध्ये चहा, कागदात बांधलेला पाव, ओळंब्यासाठी पाण्याची वाटी – आणि ऊन उतरेपर्यंत चार-पाच खुंट्या पार पडत. दिवसा मोजणीदार आकडेमोड करत आणि संध्याकाळची वाट पाहत. हे मला फार नंतर कळले.

या गोष्टीला आता चाळीस वर्षे झाली, पण डोळे मिटले की तो किनारा मला खुंटीखुंटीने आठवतो. एकविसावीपाशी पालथ्या घालून ठेवलेल्या होड्या आणि तापलेल्या डांबराचा वास. सव्विसावीपाशी वाऱ्याने एकाच बाजूला वाकवलेली झुडपे. त्यातल्या प्रत्येकाची ओळंबा स्वतंत्र चौकशी करी. आणि शंभर पावलांवर दुर्बिणीला डोळा लावून वाकलेला तो माणूस.

एवढ्या अंतरावरून, तशा वाऱ्यात, बोलणे ऐकू येत नाही. मोजणीत सगळे हाताने सांगतात. उजवा हात वर, म्हणजे पट्टी उजवीकडे कलवा. डावा, म्हणजे डावीकडे. दोन्ही हात वर करून खाली आणले, की वाचन झाले, पुढे चला. पहिल्या आठवड्यात हे हात झटकन खाली येत. मग हळूहळू... त्यांना खाली यायला वेळ लागू लागला. मी पट्टी धरून उभी, ओळंबा माझ्या पायावर बसलेला, आणि समोर दोन्ही हात वर करून राहिलेले मोजणीदार. लांबून कोणी पाहिले असते तर त्याला वाटले असते, की मी त्या गृहस्थांवर बंदूक रोखली आहे.

त्या काळच्या दुर्बिणीत समोरचे सगळे उलटे दिसत असे. एका रविवारी चहा ओतताना मी सहज विचारले,

"म्हणजे तुम्हाला मी रोज उलटी दिसते?"

"मी पट्टी पाहतो," ते म्हणाले.

"फक्त पट्टी?"

त्यांनी कप खाली ठेवला. पेन्सिलीचे टोक तपासले. ते उत्तमच होते.

"दुर्बिणीतून फक्त पट्टी," ते म्हणाले. "बाकीचं... दुर्बीण सोडून पाहतो. सरळ दिसावं म्हणून."

त्यानंतर मी पाव ओळंब्याला दिला आणि ओळंब्याचे पाणी स्वतः प्यायला निघाले होते, एवढे आठवते.

एकतिसाव्या खुंटीपाशी आम्हाला पावसाने गाठले. मोजणीच्या सामानात एक मोठी छत्री असते. ती माणसांसाठी नसते, दुर्बिणीसाठी असते. मोजणीदार दुर्बिणीवर छत्री धरून स्वतः भिजत उभे राहिले. मी पट्टी घेऊन तिकडे भिजत उभी. त्यांनी घाईने वाचन घेतले, वहीत टिपले, मग एकदा दुर्बिणीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. दुर्बीण तिपाईवरून सोडवली, पेटीत ठेवली, पेटीचे दोन्ही खटके लावले – नियमाप्रमाणे, घाई न करता – आणि छत्री घेऊन शंभर पावले चालत माझ्यापर्यंत आले. आम्ही दोघे त्या छत्रीखाली किती वेळ उभे होतो, याची नोंद कुठल्याही वहीत नाही. त्यांच्या बाहीला ओल्या लोकरीचा आणि पेन्सिलीच्या लाकडाचा वास येत होता. मग ओळंबा आमच्यामध्ये घुसला आणि त्याने अंग झाडले.

वडील मात्र रोज हिशेब विचारत. आज किती झाले? एक खुंटी, मी सांगे. "सहा किलोमीटर मोजायला तीन महिने? तेवढ्यात मी धक्का बांधून वर गिलावा केला असता. विचार त्यांना, मोजतायत की वाळू चाळतायत."

मी हसत असे, पण त्या प्रश्नाचे उत्तर मला नको होते. मोजणीदारांना पुढचा हुकूम आधीच आलेला होता. ही रेषा पुरी झाली, की डोंगरापलीकडच्या पठारावर रेल्वेची मोजणी. समुद्रापासून दोन दिवसांच्या प्रवासावर. ते त्यांनी मला एकदाच सांगितले होते, आणि त्यानंतर आम्ही दोघांनी त्या पठाराचे नाव काढले नव्हते.

रेषा पुरी होण्याचा एक नियम असतो. धक्क्यावरच्या दगडापासून निघायचे, दीपगृहापर्यंत जायचे, आणि मोजत मोजत त्याच दगडाशी परत यायचे. दगडाची उंची जाताना होती तेवढीच येताना भरली, की रेषा मिळाली. चारेक सेंटिमीटरचा फरक चालतो. आमचा फरक आला नऊ सेंटिमीटर.

"मिळत नाही," मोजणीदार वहीकडे पाहत म्हणाले. "सगळी रेषा पुन्हा घ्यावी लागेल."

माझ्या चेहऱ्यावरचा आनंद दिसू नये म्हणून मी खाली वाकले आणि ओळंब्याचा पट्टा विनाकारण घट्ट केला.

तीन दिवसांनी त्यांच्या वह्या आमच्या कार्यालयात आल्या. मुख्य आरेखकांनी त्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि कच्चा आराखडा तरी काढायला घ्या, म्हणून सांगितले. मी पेन्सिल उचलली आणि थांबले. नऊ. तंत्रविद्यालयात पहिल्याच वर्षी आमच्या सरांनी फळ्यावर खडू आपटून शिकवले होते, की फरकाला नऊने भाग जात असेल तर दुसरे काही करण्याआधी अंकांची अदलाबदल शोधा. चोपन्नचे पंचेचाळीस झाले, की फरक नऊ. सदुसष्टचे शहात्तर झाले, तरी नऊ.

एका तासात सापडले. एकतिसावी खुंटी. किनाऱ्यावरच्या कच्च्या वहीत पाण्याच्या डागाशेजारी स्पष्ट लिहिले होते, एक पूर्णांक चोपन्न मीटर. पक्क्या वहीत उतरवताना झाले होते एक पूर्णांक पंचेचाळीस. एवढे दुरुस्त केले, की रेषा जुळत होती.

मी खिडकीबाहेर पाहत बसले. हा नियम मला ठाऊक होता, तर त्यांनाही ठाऊक असणारच. तीन पेन्सिलींची उंची सारखी ठेवणारा माणूस. त्याच्याकडे या वह्या तीन दिवस होत्या, आणि त्याने ती चूक शोधली नव्हती.

मीही गप्प राहिले असते, तर अजून तीन महिने संध्याकाळी पाच वाजता कोणीतरी माझी वाट पाहणार होते. पण किनाऱ्याच्या वळणावरच्या घरांत दर वर्षी उधाणाचे पाणी शिरत होते, आणि भिंतीचा पाया पुढच्या उधाणाआधी पडायला हवा होता. त्या घरांतल्या बायका गाद्या डोक्यावर घेऊन टेकडीकडे जाताना मी लहानपणापासून पाहिल्या होत्या. मी लाल पेन्सिल घेतली, त्या आकड्याभोवती गोल काढला आणि वही घेऊन स्वतःच निघाले.

मोजणीची मंडळी धक्क्याजवळच्या जुन्या गोदामाच्या खोलीत राहत. दाराशी पट्टीवाले मामा होते. स्टुलावर चढून दिव्याची वात बदलत होते. मला पाहून ते टुणकन खाली उतरले. मी म्हटले, मामा, पाय बरा झाला वाटते.

"दोन महिने झाले, पोरी," मामा म्हणाले. "मला कोणी विचारलंच नाही." आणि ते चपला घालून समुद्राकडे निघून गेले.

आत मोजणीदार टेबलाशी होते. मी वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली. त्यांनी लाल गोलाकडे पाहिले.

"नऊचा नियम तुम्हाला ठाऊक नाही?" मी विचारले.

"ठाऊक आहे."

"मग शोधलं का नाही?"

त्यांनी मान वर केली नाही.

"शोधलं असतं... तर सापडलं असतं."

बाहेर कोणीतरी होडी ओढत होते; वाळूवर ती घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला. मग त्यांनी पेन्सिल घेतली, आकडा दुरुस्त केला, बेरीज पुन्हा केली आणि खाली सही केली.

"रेषा मिळाली," ते म्हणाले. "आता इथे मला काम उरलं नाही. सोमवारी निघावं लागेल."

"मध्ये रविवार आहे."

"रविवारी कशासाठी येऊ? मोजण्यासारखं काही नाही."

"म्हणूनच या," मी म्हणाले, आणि वही काखेत मारून, मागे न पाहता कार्यालयापर्यंत चालत गेले.

रविवारी ते आले. खांद्यावर तिपाई नव्हती आणि त्यामुळे ते जरा एका बाजूला झुकल्यासारखे दिसत होते. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, आज काय मोजायचा बेत आहे. मोजणीदार म्हणाले, आज काही नाही, आज नुसते चालायचे आहे. वडील म्हणाले, मग कुत्र्याचा पट्टा तुम्ही धरा. माणसाने हात रिकामे ठेवू नयेत.

आम्ही वळणापर्यंत गेलो. ओळंबा दर दहा पावलांनी थांबून पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते पाहत होता. पालथ्या होड्यांपाशी मोजणीदार थांबले आणि त्यांनी खिशातून चौघडी केलेला कागद काढला.

"भिंत बांधायला दोन वर्षं लागतील," ते म्हणाले. "बांधणाऱ्यांना मोजणारा लागतो. पठाराऐवजी इथेच ठेवावं, असा अर्ज लिहिलाय. पण तो द्यायचा की नाही, हे... मी एकट्याने ठरवणं बरोबर नाही."

मी कागद घेतला. अक्षर नेहमीसारखे, ओळी सरळ. तारीख होती, पदनाम होते, कुठून कुठे ते होते. मी सवयीने वरपासून खालपर्यंत तपासला.

"कारणाचा रकाना रिकामा आहे," मी म्हणाले.

"तिथे काय लिहावं ते सुचलं नाही. जे आहे ते... लिहिण्यासारखं नाही."

"मला तरी सांगा."

त्यांनी पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग पुन्हा पहिल्या हातात. आणि मग, आकडा वाचून दाखवावा तितक्या स्पष्टपणे, त्यांनी ते सांगितले. ते इथे लिहीत नाही. एवढेच सांगते, की त्यात दुरुस्ती करण्यासारखे काही नव्हते.

मी त्यांच्या खिशातली पेन्सिल घेतली, कागद होडीच्या पाठीवर ठेवला आणि रिकाम्या रकान्यात लिहिले – कौटुंबिक.

त्यांनी ते वाचले. पुन्हा वाचले.

"पण मला कुटुंबच नाही," ते म्हणाले. "साहेब लगेच विचारतील."

"अर्ज साहेबांपर्यंत पोचायला किती दिवस लागतात?"

"सहज दोन महिने."

"पुरे आहेत," मी म्हणाले.