हर्षाच्या खोलीतला आकडा

"बाई, माह्या बहिणीच्या घरात कोनीतरी डाव खेळून राहिला," असं म्हणत धनंजयने दोन कागद उषाबाईंच्या पुढ्यात ठेवले.

लाखनीच्या उषाबाईंनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आता लोक त्यांच्याकडे चोऱ्या आणि खोट्या सह्या घेऊन येत, आणि त्या छडा लावत. शेजारच्या सत्यभामाबाई दर वेळी सोबत असत. वय अठ्ठ्याहत्तर, आठवणी पोतंभर, अंदाज मात्र हमखास चुकणारा.

धनंजय मोहाडीचा, बाईंचा जुना विद्यार्थी. त्याची बहीण हर्षा आसगावात दिलेली. एका कॉलेजच्या लोकांनी तिथल्या घरांत रेडॉन मोजायच्या डब्या टांगायला दिल्या होत्या.

"रेडॉन म्हणजे काय गं?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"जमिनीतून निघणारा वायू. रंग नाही, वास नाही. बंद घरात साठतो, आणि वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मोजल्याशिवाय कळत नाही."

"उन्हाळ्यात ताईच्या खोलीत पंच्याऐंशी आला," धनंजय म्हणाला. "ह्या थंडीत सहाशे दहा! कॉलेजवाले म्हनते, तीनशेच्या वर धोका. शेजारच्या घरी दोन्ही वेळा नव्वदच्या आसपास. खोली तेच, खिडकी तेच. डबी बदलली कोनीतरी. तिच्या सासूले ताई नकोच आहे."

"हर्षा कुठं आहे?"

"माह्याकडे. आमची माय नाही, म्हणून डिसेंबरात बाळंतपण सासरीच झालं. अहवाल आला तसा मी तिले लेकीसकट घेऊन आलो. ती रोज रडते. परत धाडू का नको, तेवढं सांगा."

धनंजय दोघींना आसगावात घेऊन गेला. तिथं आधी श्यामलाल भेटला. तलावात मासे धरणारा हा हर्षाचा शेजारी. दोन्ही घरांत डब्या टांगायचं काम त्याच्याकडेच होतं.

"अदलाबदल झाली असेल का?" उषाबाईंनी विचारलं.

"काहून होईन? डबीवर नंबर असते. डिसेंबरात टांगल्या, मार्चात काढल्या. आतली मोजायची फीत कॉलेजवाल्यांनी नेली, रिकाम्या डब्या ह्या पाहा."

उषाबाईंनी एक डबी हुंगून मैत्रिणीच्या नाकाशी धरली.

"मासे!" सत्यभामाबाईंनी तोंड फिरवलं.

"माह्याच घरची ते," श्यामलाल हसला.

दुसरी डबी सत्यभामाबाईंनी स्वतःच हुंगली. ओवा. काळपट पडलेल्या दोरीलासुद्धा ओव्याचा वास. पन्नास वर्षांपूर्वीची अंधारी खोली, खाटेखालचे निखारे, त्यावर ओवा टाकणारा आईचा हात, डोळ्यांची आग आग. आई म्हणायची, सोस थोडं, पोरी. त्यांनी डबी परत दिली. नंबर हर्षाच्या खोलीचा होता.

हर्षाचा नवरा भुपेंद्र दारातच भेटला. "खोटं कायले बोलू? आकडा पाहून मले बरंच वाटलं. हे मातीचं घर पाडून स्लॅब टाकाचा आहे. माय ऐकतच नाही."

"हाच!" सत्यभामाबाई उषाबाईंच्या कानात पुटपुटल्या.

सासू कुंताबाई चुलीपुढून उठल्याच नाहीत. "सून मले नको, असं म्हनते काय तिचा भाऊ? सांगा त्याले, पोटच्या पोरीसारखं केलं तिचं. नातीले थंडीभर वाऱ्याचा एक झोका लागू देल्ला नाही!"

हर्षाच्या खोलीची एकुलती एक खिडकी सताड उघडी होती. उषाबाईंनी चौकटीच्या फटीत नख घातलं. नखाला वाळलेलं शेण आणि हिरव्या लुगड्याचा धागा लागला. धान साठवायची ढोली जिथं ठेवलेली असायची त्या कोपऱ्यात जमीन खचून बोटभर भेग पडली होती. त्यांनी भेगेत काडी घातली. काडी पुरी आत गेली.

"उद्या बहिणीला घेऊन ये," त्या धनंजयला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे अंगणात बसले. हर्षाच्या मांडीवर चार महिन्यांची लेक होती. सासूकडे बघायचं ती टाळत होती.

"डबी कोणी बदलली नाही," उषाबाईंनी सुरुवात केली. "तिला ओव्याचा वास आहे. ओव्याची धुरी बाळंतिणीच्याच खोलीत देतात. डबी थंडीभर तिथंच होती."

"मग आकडा धुरानं वाढला," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"नाही. धूर आतल्या फितीपर्यंत जाऊ नये म्हणून डबीला गाळणी असते. आकडा खरा आहे. वायू त्या भेगेतून वर येतो, उन्हाळ्यातही येत होता. पण तेव्हा खिडकी उघडी होती, निघून जात होता. धनंजय, तू म्हणालास, खिडकी तीच. पण तू आलास अहवाल आल्यावर, तेव्हा थंडी सरली म्हणून ती उघडली होती. त्याआधी तीन महिने तिच्या फटीत लुगड्याच्या चिंध्या कोंबून वरून शेणानं लिंपलेलं होतं. कुंताबाई, कोणी लिंपलं?"

"मीच. बाळंतिनीले वारा लागू देत नाही, बाई. माह्या सासूनं माहं असंच केलं होतं." त्या थांबल्या. "म्हंजे... मीच कोंडलं तिले त्या वायूत?"

धनंजय खाली बघू लागला. सत्यभामाबाईंना वाटलं, आपणही दोन सुनांच्या खिडक्या अशाच लिंपल्या. जिव्हाळ्यानंच लिंपल्या.

"तीन महिन्यांमुळे घाबरायचं नाही," उषाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "धोका वर्षानुवर्षांचा असतो. पण ते पुढं चालवायचंही नाही. भेग सिमेंटनं भरा, खिडकी उघडी ठेवा, पुन्हा तीन महिने डबी टांगा. तोवर बाळ समोरच्या खोलीत. भुपेंद्र, घर पाडायचं काही कारण नाही. स्लॅबखालीही जमीन हीच असते."

कुंताबाईंनी पदरानं डोळे पुसले. "तुम्ही समोर झोपा. आतल्या खोलीत मी झोपतो. म्हातारं हाड, मले काय होते?"

हर्षा उठली. लेक तिनं सासूच्या मांडीवर ठेवली.

"तुमची काय छाती लोखंडाची आहे, आई? समोरच्या खोलीत आपन तिघीबी झोपू."

"आन मी?" भुपेंद्रने विचारलं.

"तुम्ही अंगनात! तुमाले आकडा आवडला होता ना?"

आधी कुंताबाई हसल्या, मग श्यामलाल. धनंजय उठला आणि गाडीतून बहिणीची पेटी उतरवू लागला.