अर्धी गोळी

नकाशाचे दोन तुकडे झाले होते आणि ते घेऊन आलेला माणूस चुकून या खोलीत शिरलाय असं तिला वाटलं. आत जुने कागद सांधणारी ती एकटीच बसली होती, हातांत पांढरे मोजे घालून.

“मोजणी खातं वरच्या मजल्यावर आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे. मी तिथलाच. पण तिथे कुणी असं शांत बसत नाही…”

नकाशा सांधून झाला, तरी मोजणीदार दर आठवड्याला काहीतरी फाटकं घेऊन यायचाच.

“एवढे कागद फाटतात कसे, विचारलं नाहीत कधी,” एकदा तो म्हणाला.

“मला वाटलं, तुम्हीच फाडता.”

“दोनच फाडले…”

ती खुदकन हसली. त्या दिवशी निघताना त्याने हात पुढे केला, आणि तिने आपले दोन्ही हात टेबलाखाली नेले. त्याने काय समजायचं ते समजून घेतलं. पुढे महिनाभर तो फिरकला नाही.

मोज्यांच्या आत तिचे तळवे कायम घामाने ओलेचिंब असत. हे वडिलांकडून आलेलं. रस्ता ओलांडताना ते लेकीचा हात कधी धरत नसत. बाहीवरून मनगट धरायचे. तिला वाटायचं, नशिबाचाच भाग. पण त्या महिन्याने तिला डॉक्टरांकडे नेलं.

गोळ्या बघून वडिलांनी विचारलं, “याला औषध असतं?” मग बराच वेळ ते आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. “तुझी आई असताना कळलं असतं तर…”

गोळीने हात कोरडे झाले. पण घशालाही कोरड पडली, आणि जवळची अक्षरं अंधुक दिसू लागली. डोळ्यांवर तर तिचं पोट. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. नजर परतली, आणि थोडा घामही.

मग मोजे काढून ती वरच्या मजल्यावर गेली. त्याच्या टेबलासमोर उभी राहून तिने सगळं सांगितलं.

“अर्धीच गोळी झेपते मला. हात कोरडे राहतीलच असं नाही. आणि… हे पुढे मुलाबाळांतही उतरू शकतं.”

त्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“मी खाली पुन्हा येऊ का, एवढंच विचारायचं होतं मला. तुम्ही तर मुलाबाळांपर्यंत पोहोचलात.”

तिचे कान तापले. “पोहोचले खरी.”

“मग मी तरी मागे कशाला राहू?”

त्याने तिचा हात हातात घेतला. तळवा दमटच होता. तो न सोडता, दुसऱ्या हाताने त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली.