कर्नलसाहेबांचं पिस्तूल

“तुमच्या घरात कुणी सैन्यात आहे?” वॉकरबाईंनी सहज विचारलं, आणि टेबलावरच्या छोट्या पिस्तुलावरची नजर न काढताच त्र्यंबक म्हणाले, “नाही.”

वसुधेनं नवऱ्याकडे पाहिलं... अदिती डॉक्टर झाली आणि अमेरिकन सैन्यात गेली, त्या दिवशी तिचं नावसुद्धा घरात घ्यायचं नाही असं त्र्यंबकांनी बजावलं होतं. तेव्हापासून दोन वर्षं लेकीशी फोनवर बोलायचं ते त्यांच्या कॅरी गावातल्या ग्रोसरीच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये, चोरून, एवढंच त्या आईच्या नशिबी उरलं होतं. आणि हेच त्र्यंबक जुन्या लष्करी अधिकाऱ्यांची खिशात मावणारी पिस्तुलं जमवत गावोगाव हिंडत होते, परक्यांची शस्त्रं मायेनं पुसून मखमलीवर ठेवत होते! आज फेएटव्हिलला वॉकरबाईंकडे, एका कर्नलच्या विधवेकडे, जायचंय म्हटल्यावर वसुधा मुद्दाम सोबत आली होती. अदितीचा तळ इथून जवळच होता.

“आहे,” ती म्हणाली. “आमची मुलगी. डॉक्टर आहे, कॅप्टन आहे. गुरुवारी इराकला निघालीय.”

वॉकरबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “तिला भेटून आलात?”

म्हातारीनं पिस्तुलाची पेटी हलकेच मिटून स्वतःकडे ओढली. “आधी तिला भेटा. हे कुठे जात नाही.”

गाडीत बसल्यावर त्र्यंबकांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

“गुरुवारी... आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगू दिलंत कधी?”

ते स्टीअरिंगकडे बघत राहिले. “वसुधा, घरातली निम्मी पिस्तुलं मी अशाच बायकांकडून आणलीत. आपला नवरा कसा गेला ते एकेकीनं मला सांगितलंय. अदिती सैन्यात जाते म्हणाली ना, तेव्हा त्या सगळ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या... तिचं नाव ऐकलं की अजून उभ्या राहतात.”

म्हणजे तो सगळा संताप ही नुसती भीती होती... वसुधेचं अंतःकरण भरून आलं. पण आज ती विरघळणार नव्हती.

“मग घाबरा,” ती म्हणाली. “पण तिच्यासमोर घाबरा. बापानं आपल्याला टाकलं असं तिला वाटतंय. ते ओझं घेऊन मी तिला जाऊ देणार नाही. तुम्ही येत नसाल तर मी चालत जाईन.”

त्र्यंबकांनी गाडी सुरू केली.

तळाच्या गेटवर पहारेकऱ्यानं विचारलं, कुणाकडे? वसुधा तोंड उघडणार तोच त्र्यंबक म्हणाले, “माझ्या मुलीकडे. कॅप्टन अदिती सबनीस.”

निरोप मिळताच अदिती गणवेशातच धावत आली, आणि वडिलांना पाहून चार हात दूरच थबकली. उरलेलं अंतर त्र्यंबकांनी तोडलं.

“बाबा, आय अ‍ॅम सॉरी, मी तुम्हाला...”

“तू कशाला? मी घाबरलो होतो, बेटा. अजूनही घाबरलोय.”

तिनं त्यांना मिठी मारली. त्या मिठीत दोन वर्षांचा अबोला अश्रूंत वाहून गेला... वसुधा जवळ आली, तेव्हा अदितीनं एक हात सोडवून तिलाही ओढून घेतलं. आतून कुणीतरी हाक मारली.

“ड्यूटी आहे, बाबा. जाते मी.”

“जाते नाही म्हणायचं,” त्र्यंबक तिचे खांदे धरून म्हणाले. “येते म्हण.”

अदितीनं वाकून दोघांना नमस्कार केला.

“येते, बाबा. येते, आई.”