क्रमांक सातला एक्केचाळीस मतं

"काय पावणं, पत्रिका का?" मान वर न करताच मी विचारलं.

"न्हाय... लग्न न्हाय," तो गडबडला. "मतदान हाय."

"कुठल्या सोसायटीचं?"

"सोसायटीचं न्हाय. कपाटाचं."

आता मात्र मी मान वर केली. २००६ सालचा मे महिना, बाहेर वळवाचा पाऊस धो धो कोसळत होता. कोल्हापुरात गंगावेशीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात तो कोपरापासून निथळत उभा होता, पण शर्टाच्या आत धरलेला कागद मात्र कोरडा ठणठणीत होता. मला त्या कागदाची उगाच काळजी वाटली. माणसाची नंतर वाटली.

त्याचं नाव धैर्यशील. मूळचा शाहूवाडीकडचा, शिरोलीतल्या एका फौंड्रीत कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याच्या गावातल्या वाचनालयाची नोंदवही पावसानं भिजून गेली, म्हणून त्यानं गावोगावच्या वाचनालयांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता, 'कपाट'. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, दुरुस्त करावा, पुढं वाटावा.

"फुकट?"

"फुकट."

"मग तुमचं काय?"

"माझं काय... कपाट चालतं की." आणि हसला. बरा हसला.

पुण्या-बेंगळुरातली, गावाकडची मिळून शे-सव्वाशे माणसं ई-मेलच्या एका गटातून हे काम बघायची. त्या कपाटाला आता बोधचिन्ह हवं होतं. कुणीही चित्र पाठवावं, चित्रावर नाव नाही, फक्त क्रमांक. गटात कुणीही यावं, आलेल्या प्रत्येकाला एक मत. बरोबरी झाली तरच धैर्यशीलचं मत. हे सगळं सांगणारं जाहीर आवाहन मला टाइप करायचं होतं.

मी टाइप केलं. चार दिवसांनी तो स्वल्पविराम बदलायला आला. मग तारीख ठळक करायला. मग ती पुन्हा बारीक करायला.

"एवढ्या दुरुस्त्या लग्नाच्या पत्रिकेत पण नसतात," मी म्हणाले.

"मग पत्रिका द्यायची वेळ आली, की... एकदम बिनचूक आणीन," तो म्हणाला, आणि लगेच छतावरच्या पंख्याकडं बघायला लागला.

एकदा त्यानं मलाही गटात घेतलं. "उत्तर दिलं की सगळ्यांना जातं हां. आणि पटलं म्हणायचं असलं की लांबलचक लिहायचं न्हाय. नुसतं अधिक एक. असं." माझ्या कीबोर्डवर वाकून त्यानं +१ टाइप केलं. त्याच्या बाहीला ओल्या मातीचा वास होता. मी खुर्ची मागं घ्यायला हवी होती... घेतली नाही.

खरं सांगते, मला तो आवडत होता. पण आम्ही लिंगायत, ते मराठे. घरी काय म्हणतील ह्या विचारानं मी गप्प होते. बोलता येत नव्हतं म्हणून मी चित्र काढलं. त्यानंच सांगितलं होतं, त्याच्या लहानपणी वाचनालयाच्या कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या कंबरेला असायची आणि अध्यक्ष कायम परगावी. मी अर्धवट उघडं कपाट काढलं, आणि कुलपातच राहिलेली किल्ली. दुसऱ्याच नावाच्या ई-मेलवरून गुपचूप पाठवलं. त्याला क्रमांक मिळाला सात.

जुलैमध्ये मतदान सुरू झालं. सात आणि तीन पुढं होते. तीन म्हणजे पुस्तकातून उगवणारा सूर्य, कोल्हापुरातल्या प्रत्येक क्लासच्या पाटीवर असतो तोच. माझं चित्र निवडून आलं, तर नाव जाहीर होताना त्याचा चेहरा कसा होईल, एवढंच मला बघायचं होतं.

रविवारी मी गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावी गेले आणि घोटाळा केला. जेवताना भरमाप्पामामाला सांगून बसले, "मामा, माझ्या चित्राला मतं पडायला लागल्यात."

मामानं भाकरी ताटात ठेवली. गावातली एकही निवडणूक मामाशिवाय झालेली नाही. "मतदान? आन् आमाला न्हाई सांगायचं? कितवा नंबर?"

"सात. पण मामा, हे तसलं मतदान न्हवं—"

"यव्वा, मतदान म्हंजे मतदान!"

बुधवारी संध्याकाळी धैर्यशील दुकानात आला तो जवळजवळ पळतच. छत्री मिटायचंही भान नव्हतं.

"एका दिवसात एक्केचाळीस नवे सभासद! सगळे गडहिंग्लजकडचे! तिकडची वाचनालयं जागी झाली बघा!" त्याचे डोळे नुसते चमकत होते. "आणि सगळ्यांची मतं सातला. हे वाचा की."

मी वाचलं. सगळ्यांचा मजकूर एकच होता: 'क्रमांक सातलाच प्रचंड बहुमतानं विजयी करा.' खाली नावं. शांतव्वा, माझी मावशी, जिनं आयुष्यात कॉम्प्युटर पाहिला नव्हता. दूध सोसायटीचे सगळे संचालक. भजनी मंडळ. मामानं टेम्पो भरून माणसं सायबर कॅफेत उतरवली होती.

गप्प बसले असते, तर जिंकले होते. त्याला कधी कळलंही नसतं. पण तो इतका खूश होता, की मला ते बघवेना.

"हे वाचनालयवाले न्हाईत," मी म्हणाले. "ही माझी माणसं हायत. माझ्या मामानं आणल्यात. मी सांगितलं नव्हतं, पण... माझ्यामुळंच आल्यात."

तो बघत राहिला. "म्हंजे... सात नंबर तुमचा?"

"व्हय."

तो "बरं," एवढंच म्हणाला आणि तसाच पावसात निघून गेला. छत्री माझ्या टेबलाजवळच राहिली. मी तिच्याकडं बघत बसले आणि मला चक्क रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, मेल बघितली. त्याचं पत्र होतं, गटातल्या सगळ्यांना.

'मंडळी, काल आलेली एक्केचाळीस मतं रद्द केली आहेत. नव्या सभासदांना मात्र गटात राहता येईल. ही मतं कशी आली ते क्रमांक सातच्या चित्रकार सौंदर्या यांनी स्वतःहून सांगितलं. उरलेल्या मतांत तीन आणि सात यांची बरोबरी आहे, प्रत्येकी तेवीस. नियमाप्रमाणे आता माझं मत. पण ते मी देऊ शकत नाही. क्रमांक सातच्या चित्रकाराशी माझा हितसंबंध आहे. म्हणजे... मला ती फार आवडते. दोन महिने मी नसलेल्या दुरुस्त्या घेऊन तिच्या दुकानात जातो आहे. तिला हे अजून सांगितलेलं नाही. आपले सर्वांत जुने सभासद, चंदगडचे जोतीराम गुरुजी यांनी निर्णय द्यावा, ही विनंती.'

मी ते तीनदा वाचलं. बाहेर पाऊस होता, समोरचा चहावाला कुणावर तरी ओरडत होता, आणि माझे कान गरम झाले होते.

त्याखालीच गुरुजींचं उत्तर होतं. 'चित्र सातच देखणं आहे. पण कुलपाला किल्ली ठेवून कपाट सोडलं, तर आमच्याकडं पुस्तकं राहत नाहीत. माझं मत तीनला.'

पडले! मी मोठ्यानं हसले. मग धैर्यशीलच्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं. उत्तर सगळ्यांना जातं हे मला पक्कं ठाऊक होतं. जाऊ दे म्हटलं. दोनच कळा दाबल्या.

+१

दहा मिनिटांत फोन वाजला. भरमाप्पामामा.

"कॅफेवाल्यानं पत्र छापून दिलंय मला," मामा म्हणाला. "आपली मतं बाद केली त्यानं."

"व्हय मामा."

"आन् सोताचं मत पण दिलं न्हाई. तू आवडतीस म्हणून." पलीकडं कागद फडफडल्याचा आवाज आला. "मराठ्याचं हाय न्हवं पोरगं?"

"व्हय."

"असला सरळ चेअरमन आमच्या सोसायटीला जन्मात मिळाला न्हाई," मामा म्हणाला. "ते अधिक एक कसं करायचं, तेवढं सांग."

दुपारी पाऊस थोडा उघडला, आणि धैर्यशील छत्री न्यायला आला. दारातच थांबला. मी कॉम्प्युटर त्याच्याकडं वळवला. माझ्या उत्तराखाली पुण्याचं +१ होतं, बेंगळुराचं होतं, जोतीराम गुरुजींचंही होतं. आणि त्यांच्याखाली गडहिंग्लजची सुरू झाली होती. तो पडद्यावर बोट ठेवून मोजायला लागला. एक्केचाळीस भरली.

ह्या वेळी त्यानं एकही रद्द केलं नाही.