चौथ्या पाइपातलं पाणी

तो शनिवार होता. बाबा नेहमीसारखे साडेसहाला कामावरून आले. त्यांनी हात आधी रॉकेलने आणि मग साबणाने धुतले, आणि बेसिनला काळे ओघळ ठेवले म्हणून आईची बोलणी खाल्ली. जेवताना मला म्हणाले, "काय शास्त्रज्ञबाई, आज कुठली माती चाखलीत?" दोन-तीन महिने त्यांना थकवा होता, आम्ही तो वयावर ढकलत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाथरूममध्ये पडले. रक्ताचा आजार निघाला. अठरा दिवसांत सगळं संपलं.

बाबा तीस वर्षं मोटारींच्या एकाच शोरूममागच्या वर्कशॉपमध्ये हेडमिस्त्री होते. मी दूषित माती आणि भूजल तपासते. ते गेल्यावर पाचेक महिन्यांनी ते शोरूम विकायला निघालं. घेणाऱ्याने आधी जमीन तपासून मागितली आणि काम आमच्या कंपनीकडे आलं. माझे वडील तिथे होते हे साहेबांना सांगायला हवं होतं. पण मग त्यांनी दुसऱ्याला पाठवलं असतं, आणि ते पाणी मला स्वतः बघायचं होतं.

ते मी एकदा बघितलेलं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सरावासाठी मी वर्कशॉपच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून नेलं होतं. सगळे मिस्त्री तेच प्यायचे. तपासणीत बेंझीन निघालं. ते पेट्रोलमधून येतं आणि रक्त बिघडवतं. बाटली मी नीट धुतली नसणार, नमुना माझ्याच हातून खराब झाला असणार, असं मी ठरवून टाकलं. सर हसतील म्हणून दुसरा घेतला नाही. काय निघालं आमच्या पाण्यात, असं बाबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, काही नाही. त्यानंतर बोअर बंद होईपर्यंत सात वर्षं ते तेच पाणी प्याले.

ड्रिलिंगच्या मशीनवरच्या माणसाला सगळे मामाच म्हणतात. मामांनी दोन दिवसांत चार भोकं पाडून प्रत्येकात मनगटाएवढा पाइप उतरवला. तीन बाहेर आवारात आणि चौथा वर्कशॉपच्या आत, जमिनीत पुरलेल्या जुन्या तेलाच्या टाकीजवळ. बाबांची जागा तीच. भिंतीवर पाने अजून त्यांनी लावलेल्या क्रमानेच टांगलेले होते. मॅनेजर येऊन म्हणाला, "मॅडम, तेल लागलं तर आधी मला सांगा, पंपच टाकतो." मिस्त्री हसले. मीही हसले.

पाणी किती खोल आहे ते मोजायला रिळावर गुंडाळलेली टेप असते. तिचं टोक पाण्याला टेकलं की रीळ वाजतं. मंगळवारी चारही पाइपांत पाणी सहा मीटर चाळीसच्या आसपास होतं. जमीन सपाट होती, त्यामुळे तसंच असायला हवं होतं.

बुधवारी तीन पाइप जिथल्या तिथे होते. चौथा चार मीटर दहाला वाजला.

वरून पाणी मुरत असेल म्हणून मी बूच काढून बघितलं, काँक्रीटवर हात फिरवला. कोरडं होतं. गुरुवारी तोच पाइप एक पंच्याण्णवला वाजला. मी बॅटरी बदलली. मामांची टेप मागून घेतली, तिच्यावरही तेच आलं. मग मामांनी ती माझ्या हातून घेतली आणि स्वतः खाली सोडली. टेप जात राहिली. सहा एक्केचाळीसला वाजली.

आम्ही आळीपाळीने पाच वेळा मोजलं. माझ्या हातात एक पंच्याण्णव, त्यांच्या हातात सहा एक्केचाळीस. शेवटी मामांनी टेप गुंडाळली, फडक्याने पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, पाणी तुम्हाला बघून वर येतंय."

हे कुणाला सांगू नका, असं मी म्हटलं. असलं सांगितलं तर बायकोसुद्धा मलाच वेड्यात काढेल, म्हणाले. त्यानंतर मात्र ते वर्कशॉपच्या आत आले नाहीत.

नमुना घेण्याआधी पाइपातलं साचलेलं पाणी काढून टाकायचं असतं. शुक्रवारी दुपारी मिस्त्री जेवायला गेले तेव्हा मी ते काढायला बसले. एक बादली भरली, दुसरी भरली, चौथी भरली. पातळी बोटभरही उतरली नाही. पाणी स्वच्छ होतं. पेट्रोलचा वास नव्हता, कसलाच नव्हता. बादलीत थर्मामीटर बुडवला. जमिनीखालचं पाणी बाराही महिने सव्वीस-सत्तावीस अंशांच्या आसपास असतं. काटा सदतीसवर थांबला.

अंगाच्या उबेइतकं.

मी टेप सोडली. ती हातभरच गेली आणि वाजली. वर घ्यायला लागले तेव्हा खालून ओढ लागली. जोराची नव्हती. अंथरुणातल्या माणसाने बोट धरावं तेवढीच.

मी टेप सोडून दिली. रीळ फरशीवर आपटलं. दारापलीकडे मामांची पाठ दिसत होती.

पळून जाता आलं असतं. उद्या दुसऱ्या कुणी येऊन मोजलं असतं तर सहा चाळीस आलं असतं. अहवालात तेच गेलं असतं.

पाणी वर आलं.

ते पाइपाच्या तोंडाशी येऊन थांबलं. काठापेक्षा केसभर उंच, फुगलेलं, पण सांडलं नाही. मग मधोमध किंचित खोलगट झालं. पुन्हा भरलं. पुन्हा खोलगट झालं. शेवटच्या रात्री बाबांच्या छातीकडे बघत मी मोजत बसले होते, तेवढ्याच अंतराने.

मी गुडघे टेकले. वाकले तेव्हा ऊब गालाला लागली.

"बाबा," मी म्हटलं, "तेव्हा निघालं होतं."

पाणी खोलगट झालं आणि तसंच राहिलं.

"बाटली स्वच्छ होती. नोकरीला लागले त्याच वर्षी जुने आकडे पुन्हा बघून मला ते कळलं होतं. लाज वाटली. तुम्ही रोज तेच पाणी पीत होता, बाबा, आणि मी गप्प बसले."