टेकडीवरचे हातमोजे

"चोरून नेलं काय, तर लोकरीचे हातमोजे," शिक्षिका म्हणाली. "हेल्मेट ठेवलं, बूट ठेवले. नेमके हातमोजे तेवढे नेले."

वहिनींनी चष्मा कपाळावर ढकलला. म्हणजे प्रकरण पसंत पडलं. भाऊजींनी मात्र कपाळाला हात लावला, कारण प्रकरण पसंत पडलं की वहिनी त्यांना गावभर फिरवायच्या आणि त्यांचे गुडघे आता फिरण्याच्या लायकीचे राहिले नव्हते.

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला, आता त्याची खासगी तपासाची कचेरी बंद पडणार असं सगळे धरून चालले होते. ती पडली नाही. उलट भावाच्या हयातीत चालली नाही एवढी चालली, पण हे घरात कुणी बोलून दाखवत नसे. भाऊजी निवृत्त दंतवैद्य. लोकांना तोंड उघडायला लावण्यात जन्म गेला, पण उघडलेल्या तोंडातून निघतं काय, ते वहिनींनाच कळायचं.

"पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

शिक्षिका शाळेतून तशीच आली होती, बोटांना खडू लागलेला. "माझा धाकटा भाऊ लढाईत गेला. टेकडीवरच्या चौकीत पहाऱ्यावर होता. तोफा सुरू झाल्या, चौकीतले बाकीचे सगळे मेले नाहीतर जखमी झाले, तेव्हा हवाई दलाचं हेलिकॉप्टर आलं. उतरायला जागा नव्हती, म्हणून वरूनच तार सोडून त्यांनी तीन जखमी उचलले. त्या जखमींना खाली एकेक करून तारेच्या हुकात अडकवणारा कुणीतरी होता. पायदळ म्हणालं, तो आमचा शिपाई. म्हणजे माझा भाऊ. हवाई दल म्हणालं, छे, तो आमचा माणूस, तारेवरून खाली उतरलेला. पदक एक आणि दावेदार दोन. वर्षभर भांडण चाललं."

"मग?"

"मग गेल्या महिन्यात पायदळाने दावाच मागे घेतला. तेवढंच असतं तर आम्ही गिळलं असतं. पण तिथे हवाई दलाचा माणूस होता, तर पहाऱ्यावरचा शिपाई कुठे होता? भावाचा देह खाली ओढ्याजवळ सापडला. झालं. आता म्हणतात, तो जागा सोडून पळाला."

तिने बोटांवरचा खडू पदराला पुसला. "आईने त्याचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवलाय. मी त्याचं नाव काढलं की उठून आत जाते. उद्या सकाळी पदक समिती बसेल. एकदा निकाल झाला की प्रकरण कायमचं मिटलं. मी समितीच्या मागे लागून त्याच्या अंगावरच्या वस्तू इस्पितळातून मागवल्या. काल आल्या आणि कालच हातमोजे गेले. हवाई दलाचंच काम, दुसरं कोण करणार?"

"भाऊ धीट होता का हो तुमचा?"

शिक्षिका रडता रडता हसली. "कसला धीट. लहानपणी इस्त्रीचा शॉक बसला होता. तेव्हापासून विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. मिशा फुटल्या तरी 'ताई, दिवा लाव ना' चालूच. पण पळणाऱ्यातला नव्हता तो."

समितीच्या इमारतीत त्या वस्तूंचं कपाट होतं आणि त्याची किल्ली शेजारच्याच खिळ्याला लटकत होती.

"म्हणजे कुलूप कशासाठी?" भाऊजींनी विचारलं.

"नियम आहे," रखवालदार म्हणाला. "काल दुपारी तिघं येऊन गेले. पायदळाचे मेजर, हवाई दलाचे साहेब आणि त्यांचा तो तारेवरून उतरणारा दोरवाला, ज्याला पदक मिळणार म्हणतात तो. मी चहा आणायला गेलो तेव्हा प्रत्येक जण इथे एकटा बसला होता, आपापल्या वेळी."

"पुडक्यात काय काय होतं?"

"हेल्मेट, बूट, मोजे, हातमोजे. हातमोजे काळ्याकुट्ट वंगणाने माखले होते. मी म्हटलं, कपाट खराब होईल, म्हणून कागद अंथरून सगळ्यांत वर ठेवले. पायमोजे त्यांच्या शेजारी."

वहिनींनी कपाट उघडलं. बूट खालच्या फळीवर उभे होते आणि पायमोज्यांचे बोळे करून ते दोन्ही बुटांच्या तोंडात घट्ट कोंबलेले होते.

"हे तुम्ही केलंत?"

"मी कशाला करू? मेलेल्या माणसाचे मोजे मी दोन बोटांत धरून ठेवले होते."

"चोर टापटिपीचा दिसतोय," भाऊजी म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

हवाई दलाच्या तळावर नवीन पोरांचा सराव चालला होता. डोक्यावर हेलिकॉप्टर घोंघावत होतं आणि तार खाली येत होती. पोरं हुकाकडे टक लावून उभी होती, पण हात कुणी पुढे करत नव्हतं. हुक जमिनीला टेकला, ठिणगी उडाली, आणि मगच एकाने तो धरला. भाऊजींना वाटलं, काय ही शिस्त, लग्नाच्या पंगतीतसुद्धा माणसं इतका वेळ हात आवरत नाहीत.

हवाई साहेब मोकळेपणाने बोलले. "बाई, भांडण मिटलंय, तुम्ही कशाला उकरून काढता? नदीवरचा पूल मेजरच्या तुकडीने घेतला, पण तो खिळखिळा केला होता आमच्या बॉम्बनी. त्या पदकावर आमचा आक्षेप होता. तो आम्ही सोडला. त्यांनी टेकडीचा सोडला. आता पुलाचं पदक मेजरला, टेकडीचं आमच्या माणसाला. सगळे खूश."

"सगळे?" वहिनींनी विचारलं.

दोरवाला बाहेर ओसरीत बसला होता. बाकाखाली बुटांची रांग होती, सगळ्यांची तोंडं उघडी, आणि मोजे वर तारेवर वाळत होते. हा वयाने लहान, पण चेहरा ओढलेला.

"त्या दिवशी तुम्ही खाली उतरला होता?"

"अहवालात तसं आहे."

"मी अहवालाला नाही विचारलं."

त्याने मान वर केली नाही. "साहेबांना विचारा," एवढंच म्हणाला.

"हाच चोर," परतताना भाऊजी म्हणाले. "नजर मिळवत नव्हता."

"भाऊजी, तुमच्या खुर्चीत बसलेली माणसं तरी कुठे नजर मिळवायची? ती काय सगळी चोर होती?"

पायदळाच्या मेजरांनी त्यांना उभ्याउभ्याच कटवायचं ठरवलं होतं, पण वहिनी सरळ खुर्ची ओढून बसल्या. खोलीत कोपऱ्यात लोखंडी खाट होती. खाटेखाली मेजरांचे जादा बूट होते आणि मोजे त्यांच्या तोंडात बोळा करून कोंबलेले. वहिनी बुटांकडे बघत राहिल्या.

"हातमोजे हवाई दलानेच पळवले," मेजर म्हणाले. "त्यांनाच पदक हवंय."

"तुम्ही दावा का सोडलात?"

"पुरावा नव्हता. मुलगा चांगला होता हो. पण गोळे पडायला लागले की चांगल्याचांगल्यांचे पाय सुटतात. मी त्याला दोष देत नाही."

"दोष दिलाय तुम्ही," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "त्याची आई तोच घेऊन बसली आहे."

मेजरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

शेवटचा राहिला तुकडीचा आचारी. उचललेल्या तिघांपैकी हा एकटाच जगला होता. आता एका खानावळीत कांदे चिरत होता. एक डोळा गेलेला.

"मला काही दिसलं नाही, बाई. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. मी आणि चौकीवर पाणी भरणारा पाणक्या, दोघंही खाली ओढ्याशी पडलो होतो. मला कुणीतरी पाठीवर घेऊन वर आणलं. वर हेलिकॉप्टरचा एवढा गोंगाट की सख्ख्या बापाचा आवाज ओळखू आला नसता. पण तो माझ्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, ते आठवतं. म्हणाला, 'हे लेकाचं चावतंय रे. तिन्ही वेळा चावलं. पण तू घाबरू नको, मी सोडत नाही.' मला वाटलं, विंचूबिंचू असेल. आमच्या चौकीत विंचू फार."

"हे कुणाला सांगितलंत?"

"मेजरसाहेबांना. ते म्हणाले, डोक्याला मार लागलेल्याचं कोण ऐकतं."

वहिनींनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "उद्या सकाळी समितीसमोर याल? आणि एक सांगा, विंचू फार म्हणता, मग बूट काढल्यावर काय करायचात?"

आचारी हसला. "ते का विचारता, बाई?" असं म्हणून त्याने जे सांगितलं, ते ऐकून भाऊजींचा चहा कपातच राहिला.

सकाळी समितीच्या खोलीत लांब टेबलाच्या टोकाला अध्यक्ष बसले होते, एक वृद्ध निवृत्त न्यायाधीश. एका बाजूला मेजर, समोर हवाई साहेब आणि दोरवाला. भिंतीशी शिक्षिका आणि आचारी. भाऊजी दाराजवळ.

"थोडा वेळ द्या," वहिनी म्हणाल्या आणि दोरवाल्याकडे वळल्या. "वरून हुक येतो. तुम्ही खाली उभे आहात. काय करता?"

"थांबतो. आधी जमिनीला टेकू देतो."

"का?"

"पंखे फिरून फिरून हेलिकॉप्टरच्या अंगात वीज साठते. ती तारेतून हुकात उतरते. हुक जमिनीला टेकला की वीज जमिनीत जाते. त्याआधी धरला तर जबर झटका बसतो. आमचा पहिला धडा आहे तो."

"दर वेळी?"

"हुक दर वेळी खाली येतो, म्हणून दर वेळी."

वहिनींनी आचाऱ्याला बोलायला सांगितलं. त्याने कानाशी ऐकलेले शब्द जसेच्या तसे सांगितले. 

"तिन्ही वेळा चावलं," वहिनी म्हणाल्या. "आता सांगा, ज्याचा हा पहिला धडा, तो तीनदा तीच चूक करेल? हुक हवेतच पकडणारा माणूस हवाई दलाचा नव्हता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि टेकडीवर धडधाकट असा एकच शिपाई होता. हातमोज्यांवर तारेचं काळं वंगण होतं. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या हाताला ते दुसरं कुठून लागणार?"

"मग तो ओढ्याजवळ कसा?" अध्यक्षांनी विचारलं.

"आचारी ओढ्याजवळून वर आला. पाणक्या खालीच राहिला होता, त्याला आणायला तो परत उतरला. पाणक्याचा देह कुठे सापडला, मेजर?"

 आचारीच हळू म्हणाला, "त्याच्या शेजारीच. हात धरलेला होता म्हणतात."

शिक्षिकेने पदर तोंडाशी नेला.

"मी उतरलोच नाही," दोरवाला एकदम बोलला.  "उतरायचं मलाच होतं. दारात उभा राहिलो आणि पाय हलेनात. खालून त्याने हात केला, तार सोड म्हणून. मी वरून नुसती सोडत राहिलो. परत आल्यावर साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, दलाची अब्रू आहे, गप्प बस."

हवाई साहेब लालबुंद झाले. "म्हणजे हातमोजे तूच..."

"त्याने नाही," वहिनी म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी नको. हातमोजे नेणाऱ्याने पुडकं चाचपताना पायमोजे उचलले आणि नकळत बुटांत कोंबून ठेवले. हवाई तळावर बुटांची तोंडं उघडी असतात, मोजे तारेवर. आचाऱ्याला विचारा, त्यांच्या चौकीत काय करायचे."

"मोजे बुटात कोंबायचे, विंचू शिरू नये म्हणून," आचारी म्हणाला. "एकजण दगावला होता विंचवाने. तेव्हापासून मेजरसाहेबांनीच शिस्त लावली होती आम्हाला. स्वतः रोज रात्री बूट तपासायचे."

"परवा तिघं आले, त्यांतले पायदळाचे फक्त तुम्ही," वहिनी मेजरांना म्हणाल्या. "नुसत्या मोज्यांवरून गुन्हा ठरत नाही, हे मलाही कळतं. पण तुमच्या खाटेखालचे बूटही मी पाहिलेत. आणि कारण मला हवाई साहेबांनीच सांगितलं, चहा पीत पीत. पुलाचं पदक तुम्हाला, टेकडीचं त्यांना. हातमोजे समितीसमोर आले असते तर टेकडी परत तुमच्या शिपायाकडे आली असती आणि पुलावरचा आक्षेप परत जागा झाला असता. भांडण दोन दलांचं होतं, तोवर या पोराची बाजू घ्यायला कुणीतरी होतं. मिटलं, आणि त्याला कुणीच उरलं नाही."

आपलेच दात, आपलेच ओठ, असं भाऊजींच्या मनात आलं. जन्मभर दात बघूनही या म्हणीचा अर्थ त्यांना इतका कधी लागला नव्हता.

 मेजरांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागदात गुंडाळलेले हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"जाळायला शेगडी पेटवली होती," ते म्हणाले. "नाही जमलं. माझाच पोरगा होता तो."

"हो," वहिनी म्हणाल्या. "तुमचाच होता."

समितीने दोन्ही पदकं थांबवली. पुलाची चौकशी नव्याने सुरू झाली आणि दोन्ही दलांचं, जन्मात पहिल्यांदा, एका बाबतीत एकमत झालं: या बाईला इमारतीत पाऊल ठेवू द्यायचं नाही. टेकडीचं पदक कधी मिळेल, मिळेल की नाही, हे अध्यक्षांनाही सांगता येईना. पण "जागा सोडून पळाला" हे शब्द त्यांनी त्याच बैठकीत काढून टाकायला लावले.

दिवेलागणीला सगळे शिक्षिकेच्या घरी गेले. दोरवाल्याने स्वतःहून यायची परवानगी मागितली होती. हातमोजे हातात धरून तो उंबऱ्याशीच उभा राहिला. आई भिंतीला टेकून बसली होती. शिक्षिकेने सगळं सांगितलं.  मग आईने दोरवाल्याकडे पाहिलं.

"तो झटका मोठा बसतो का रे?"

"सगळं अंग हादरतं, आई."

"पहिल्या वेळी त्याला ठाऊक नसेल."

"नसणार."

"दुसऱ्या वेळी होतं."

दोरवाल्याने मान हलवली.

"आणि तरी तिसऱ्यांदा धरला."

 आई उठली आणि आत गेली. नेहमीसारखी गेली, असं शिक्षिकेला वाटलं, तिने वहिनींकडे हताश होऊन पाहिलं. आतून ट्रंकेचं झाकण वाजलं. आई फोटो घेऊन बाहेर आली, पदराने काच पुसली आणि जुन्या खिळ्यावर चाचपडत टांगला. खोलीत आता नीट दिसत नव्हतं.

"दिवा लाव गं ताई," आई म्हणाली. "त्याला बटणाची भीती वाटते."

शिक्षिकेने उठून बटण दाबलं.